डबीवर नाव कुणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत मूल न होण्याच्या समस्येवर पानभर लेख आला. माहिती चांगली होती. थायरॉइड, पीसीओडी म्हणजे अंडाशयाची तक्रार, गर्भनळ्या, वाढतं वय, वजन असं सगळं त्यात होतं. सोबत खिडकीशी एकटीच बसलेल्या बाईचं छायाचित्र होतं. नवऱ्याबद्दल दोन ओळी होत्या, त्याही अगदी शेवटी. ते पान मी दोन दिवस घडी करून ठेवलं आणि आज लिहायला बसले.

मी टिळक रस्त्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून १९८९ साली लागले आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. रक्त, लघवी, थुंकी सगळं केलं, पण वीर्यतपासणीचं टेबल बहुतेक काळ माझ्याकडेच होतं. सुरुवातीला ते काम कुणाला नको असायचं, म्हणून नव्या मुलीच्या गळ्यात पडलं. पुढे मलाच ते सोडवेना. त्या टेबलावर बसून जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे: मूल होत नाही म्हणून जोडपं दवाखान्याची पायरी चढलं की पहिल्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी झाली पाहिजे. या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यांत स्वस्त आणि सोपी तपासणी. सुई नाही, भूल नाही. आणि आमच्याकडे ती सगळ्यांत शेवटी यायची.

आमच्या काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी यायची, त्यावर पेशंट म्हणून बायकोचं नाव असायचं. तपासणी वीर्याची, आणि नाव सौ. अमुक तमुक! डबीवर चिकटपट्टी लावून तिथेही बायकोचंच नाव. मी ते खोडून नवऱ्याचं नाव विचारायची, तर कितीतरी जणी घाबरून आवाज खाली आणायच्या. ''त्यांचं नाव नको ना टाकायला, रागावतील.'' हे कुठल्या आडगावातलं नाही. शनिवार पेठ, कोथरूड, औंध इथल्या शिकल्यासवरल्या बायकांचं सांगते आहे.

एक डिसेंबर विसरता येत नाही. सिंहगड रस्त्याकडून रिक्षाने एक बाई आल्या. डबी रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवलेली, कारण फोनवर मीच सांगितलं होतं की थंडी लागू देऊ नका, अंगाच्या उबेत आणा, तासाच्या आत आणा. चाळीस मिनिटांत पोचल्या होत्या. नवरा ऑफिसला गेलेला. हातात ही जाड फाइल. लग्नाला दहा वर्षं, दोनदा दुर्बिणीतून तपासणी, नळ्यांचा एक्स-रे, गावाकडे एकदा क्युरेटिंग म्हणजे गर्भाशय खरवडणं, रक्ताच्या तपासण्या तर मोजायच्या बाहेर. नवऱ्याची ही पहिली तपासणी. वीर्य पातळ व्हायला वेळ द्यावा लागतो. तोवर त्या बाकावर बसून राहिल्या. मी थेंब घेऊन पाहिला. काही नाही. दुसरा घेतला. काही नाही. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका काढला आणि स्लाइडचा कोपरा न् कोपरा पाहिला. एकही शुक्राणू नाही. लॅबच्या भाषेत 'निल'. बाहेर आले तर त्या उठून उभ्या राहिल्या आणि एवढंच विचारलं, ''आहेत ना?'' निकाल सांगायचा अधिकार मला नव्हता. डॉक्टर सांगतील, म्हणाले. दोन दुर्बिणी, दहा वर्षं आणि काय काय त्या बाईने सोसलं होतं, आणि उत्तर त्या डबीत होतं.

'निल' म्हणजे सगळं संपलं असंही नसतं, हे लगेच लिहायला हवं. कधी वृषणात शुक्राणू तयार होत असतात, पण बाहेर यायची वाट बंद असते. कधी तयारच होत नाहीत. कधी मेंदूकडून येणारे हॉर्मोनचे निरोपच पोचत नसतात, आणि हा प्रकार तर बऱ्याचदा औषधाने सुधारतो. हे वेगळं काढायला पुरुषाला तपासावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं, हॉर्मोन पाहावे लागतात, काही वेळा गुणसूत्रं पाहावी लागतात. बायकोची फाइल कितीही जाड केली तरी त्यातून हे कळणार नाही.

शुक्राणू तयार कसा होतो हे घराघरांत ठाऊक असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती, असं मला वाटतं. मुलगी जन्माला येते ती आपली सगळी बीजं घेऊन. पुरुषाचं तसं नाही. वयात आल्यापासून त्याच्या वृषणात रोज कोट्यवधी शुक्राणू घडत असतात. आत लोकरीच्या गुंत्यासारख्या बारीक नळ्या असतात, उलगडल्या तर शेकडो मीटर भरतील. नळीच्या भिंतीलगत मूळ पेशी असतात. त्यांतली एखादी विभागते, एक भाग मूळ म्हणून मागे राहतो आणि दुसरा पुढच्या वाटेला लागतो. पुढे गुणसूत्रं सेहेचाळीसची तेवीस होतात. मग उरते ती एक साधी गोल पेशी. तिला ना डोकं ना शेपूट.

त्या गोल पेशीचा शुक्राणू होतो, तो भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. पेशी आपल्यातलं जवळजवळ सगळं पाणी-द्रव्य टाकून देते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनंच बदलली जातात आणि पैठणी दाबून दाबून लहानशा डब्यात बसवावी तसा तो कितीतरी घट्ट होतो. डोक्यावर एक टोपी तयार होते, तिच्यात अंड्याचं आवरण भेदायला लागणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असतात. मानेपाशी ऊर्जा पुरवणारे कण मळसूत्रासारखे गुंडाळले जातात. मागे शेपूट फुटतं. ही सगळी घडण सेर्टोली पेशींच्या कुशीत होते. एन्रिको सेर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली त्यांचं वर्णन केलं. बाळंतिणीजवळच्या सुईणीसारख्या त्या पेशी शुक्राणूला खाऊपिऊ घालतात, टाकलेलं द्रव्य गिळून टाकतात आणि रक्तातल्या नको त्या गोष्टींपासून त्याला आडोसा करतात.

एवढं करूनही वृषणातून निघालेल्या शुक्राणूला नीट पोहता येत नाही. पुढे अधिवृषण नावाची एक नळी असते, गुंडाळून बोटाएवढी दिसते आणि सरळ केली तर सहा मीटर. तिच्यातून जाताना त्याला चाल येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा हिशेब अडीच ते तीन महिन्यांचा. नुसत्या घडणीलाच सत्तर-चौऱ्याहत्तर दिवस धरतात.

म्हणजे आज डबीत जे आलं, त्याचं काम तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. दिवाळीतला रिपोर्ट गणपतीच्या आधीच्या दिवसांबद्दल बोलत असतो. हे पुण्यात तर फारच लक्षात ठेवायला हवं, कारण पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा ताप घरोघरी असतो, आणि मोठा ताप शुक्राणूंच्या घडणीला मानवत नाही. वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात ते उगीच नाही. तिथलं तापमान अंगापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी लागतं. धायरीचा एक तरुण ऑक्टोबरअखेर तपासणीला आला होता. संख्या मिलिलिटरला तीस लाख, हालचाल मंद. घरात आई आणि बायको दोघींची रडारड. मी नमुना घेताना सवयीने विचारलं होतं, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? सप्टेंबरात डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होता. मी ते रिपोर्टवर शेरा म्हणून लिहिलं. जानेवारीअखेर पुन्हा केलं तर संख्या चार कोटी. मधल्या काळात त्याने कुठलंही औषध घेतलं नव्हतं.

२०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे, म्हणजे पोटातल्या गर्भाला इजा करू शकणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले, तेव्हा पुरुषांनीही तीन महिने थांबावं, गर्भधारणेचा प्रयत्न करू नये, असा सल्ला होता. माझ्या भाच्याने मला फोन करून विचारलं, ''मावशी, गर्भ बायकोच्या पोटात, मग मी कशाला थांबायचं?'' झिकाचा विषाणू वीर्यात बरेच दिवस राहू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. इंजिनिअर आहे तो.

रिपोर्टवरच्या आकड्यांबद्दलही लिहिते, कारण त्यांनी माणसं हादरलेली मी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा मिलिलिटरला एक कोटी साठ लाख आहे, हालचाल बेचाळीस टक्के, आणि आकाराने निर्दोष शुक्राणू चार टक्के. हा चार टक्क्यांचा आकडा पाहून लोक म्हणतात, म्हणजे शहाण्णव टक्के खराब? हो, आणि तरीही त्यांना मुलं होतात. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने गोळा करून त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांपाशी ही रेघ मारलेली आहे. ती दहावीच्या पस्तीस मार्कांसारखी पास-नापासाची रेघ नाही. रेघेखालचा माणूस बाप होऊ शकतो आणि वरच्यालाही अडचण येऊ शकते. शिवाय एकाच माणसाची संख्या दोन नमुन्यांत दुप्पट-निमपट झालेली मी शेकडो वेळा मोजली आहे. दोन दिवसांपेक्षा कमी किंवा सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, डबीबाहेर थोडं सांडलं, साबणाचा हात लागला, रिक्षा लक्ष्मी रोडला अडकली, तरी फरक पडतो. पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर दुसरा केल्याशिवाय कुणाही पुरुषाला काही ऐकवू नये. त्याच्या आईनेही नाही आणि बायकोनेही नाही.

तंत्रज्ञांनाही माझं सांगणं आहे. वीर्यतपासणी म्हणजे पटकन स्लाइड बघून अंदाजे आकडा टाकायचं काम नव्हे. मोजणीच्या चेंबरवरच मोजा, दोनदा मोजा, दोन्हींत फार फरक आला तर पुन्हा भरा. एका लॅबने अंदाजाने लिहिलेल्या आकड्यावरून पुढची दोन वर्षं औषधं घेतलेला माणूस माझ्यासमोर बसलेला आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवाच पेशंट यायला लागला होता. वय अठ्ठावीस-तीस, दंड टीशर्टात मावत नाहीत असे, आणि रिपोर्ट निल. प्रश्न विचारताना मी आवाज अगदी हळू ठेवायची. जिममध्ये कोणी 'कोर्स' दिला होता का? बहुतेक जण आधी पावडर म्हणायचे, मग इंजेक्शन म्हणायचे. टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचलं की मेंदूला वाटतं, शरीरात पुरेसं आहे, आणि तो वृषणांकडे जाणारे निरोप थांबवतो. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत जेवढं टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि नेमकं तेच आटतं. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन आठवड्याला एक असं देऊन पाहिलं होतं. १९९० साली निष्कर्ष छापले गेले, निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले होते. मर्दानगी वाढवायची म्हणून मुलं जे टोचून घेतात, ते गर्भनिरोधक म्हणून तपासलेलं औषध आहे. थांबवलं की बहुतेकांचं पुन्हा सुरू होतं, पण महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. जिमच्या दारावर हे मराठीत लिहून लावायला हवं.

कामाच्या जागेबद्दलही कुणी विचारत नाही. भोसरीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर आठ-आठ तास उभा राहणारा, दिवसभर ट्रक चालवणारा, नारायणगावच्या द्राक्षबागेत तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करणारा. बायकोला मात्र विचारलं जातं की नोकरीचा ताण आहे का, सोडता येईल का. कॅलिफोर्नियात लॅथ्रोप इथे कीटकनाशकाच्या एका कारखान्यात १९७७ साली कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. तपासलं तर डीबीसीपी नावाच्या रसायनाने त्यांचे शुक्राणू घटले होते, काहींचे शून्य झाले होते. त्या माणसांनी एकमेकांशी हा विषय काढला म्हणून ते कळलं. आपल्याकडे डब्याच्या सुट्टीत हा विषय कोण काढेल?

संशोधन पुष्कळ पुढे गेलं आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. १९९२ साली ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडून मूल जन्माला आल्याचं जाहीर केलं. आपण त्याला इक्सी म्हणतो. ज्यांना आशाच नव्हती असे किती पुरुष त्यामुळे बाप झाले. २०११ मध्ये योकोहामात उंदराच्या पिलाच्या वृषणाचा तुकडा बशीत वाढवून त्यातून शुक्राणू मिळवले आणि त्यांपासून धडधाकट पिलं झाली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वयात न आलेल्या माकडाच्या वृषणाचा गोठवून ठेवलेला तुकडा त्याच्याच कातडीखाली परत बसवला, त्यात शुक्राणू तयार झाले आणि एक पिल्लू जन्मलं. लहानपणीच कॅन्सरची औषधं घ्यावी लागणाऱ्या मुलग्यांसाठी हे काम चाललं आहे. मोठ्या मुलांसाठी तर उपाय आजही हातात आहे: केमो सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं. बावीस वर्षांच्या एका मुलाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. केमो संपल्यावर दोन वर्षांनी तो लग्न ठरवायच्या आधी स्वतः होऊन माझ्याकडे आला. एकटाच.

पण इक्सीमुळे एक गोष्ट बिघडली, तेही लिहायला हवं. एक शुक्राणू मिळाला की पुरे, मग पुरुषाला तपासायचं कशाला, अशी घाई सुरू झाली. अडचण नवऱ्याची आणि दहा-बारा दिवस इंजेक्शनं बायकोला, भूल तिला, सुईने अंडी काढणं तिचं. पुरुषाच्या पिशवीत फुगलेल्या शिरा असतील, ज्यांवर छोट्या शस्त्रक्रियेने कधी कधी फरक पडतो, तर त्या पाहिल्याच जात नाहीत. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर इक्सीतून होणाऱ्या मुलग्यालाही तोच दोष जातो, हे जोडप्याला आधी सांगायला हवं. आणि वंध्यत्व असलेल्या पुरुषांत वृषणाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. हात लावून तपासल्याशिवाय ती गाठ कळणार कशी?

आता घरचं लिहिते. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९७९ साली झालं, साताऱ्याकडे दिलं. मूल झालं नाही. सासरचे नवस, सोमवार, पौर्णिमा सगळं तिने केलं, दोनदा पोट उघडून घेतलं. डोहाळजेवणाला तिला स्वयंपाकाला बोलवायचे आणि ओटी भरायच्या वेळी हळूच आत पाठवायचे. मी स्वतः पाहिलं आहे, ती मोदकांची उकड मळत आत उभी होती आणि बाहेर ओव्या चालू होत्या. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्या बातमीचं कात्रण ताईने देवघरातल्या पोथीत ठेवलं होतं. भाऊजींची तपासणी एकदाही झाली नाही. त्यांनी करून घेतली नाही आणि एकाही डॉक्टरने आग्रह धरला नाही. त्यांना कॉलेजच्या वसतिगृहात असताना गालगुंड झालं होतं, आणि आठ दिवस खालीही सूज होती. वयात आल्यावर झालेलं गालगुंड काही जणांत वृषणापर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशींना इजा करतं. ताईने हे एका डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिलाच पुढची तारीख दिली.

भाऊजी वाईट नव्हते. घाबरलेले होते. त्यांना कुणी चौऱ्याहत्तर दिवसांचा हिशेब सांगितला असता, हा तुमच्या पुरुषपणाचा निकाल नाही, ताप-खोकल्यासारखी शरीराची एक गोष्ट आहे असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं असतं, तर ते गेले असते असं मला आजही वाटतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि लॅबवाल्यांना माझी विनंती आहे की पहिल्याच दिवशी दोन फॉर्म भरा, दोन नावांचे. नवऱ्याला आत बोलवा, खुर्ची द्या, आणि त्याला विचारायचे प्रश्न त्यालाच विचारा. वीर्याच्या डबीवर ज्याचं वीर्य त्याचं नाव. आणि आपल्याला विनंती की पुढच्या वेळी या विषयावर पान काढाल तेव्हा त्यात दोघांचं छायाचित्र असू द्या.

हे पत्र काल ताईला वाचून दाखवलं. तिच्या परवानगीशिवाय पाठवणार नव्हते. सगळं ऐकून ती म्हणाली, ''गालगुंडाचं लिहिलंयस ते बरं केलंस, पण तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते हे घाल. नाहीतर लोकांना वाटेल लहानपणीचं.''

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
सदाशिव पेठ, पुणे
(बहिणीचं सासर अजून नांदतं आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)